विद्यापीठाचे व्याख्याते गावात बोलवावेत का? आमच्या वाचनालयाचा अनुभव

विद्यापीठं आणि त्यांची महाविद्यालयं आपल्या प्राध्यापकांची एक यादी काढतात. कोण कोणत्या विषयावर बोलू शकेल, ते त्यात लिहिलेलं असतं. शाळा, वाचनालय, बचत गट, गणेश मंडळ, कुणीही पत्र दिलं की त्यातले प्राध्यापक येऊन व्याख्यान देतात. गावासाठी ही सेवा कशी आहे, असं आजूबाजूच्या गावांतले कार्यकर्ते मला विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते : सेवा फार मोलाची आहे, जरूर घ्या. फक्त यादीतून माणूस निवडा, विषय मात्र आपल्या गावाचा द्या. आम्ही असं केलं तेव्हा व्याख्यान गावाला लागलं. यादीतला विषय जसाच्या तसा मागवला, तेव्हा टाळ्या वाजल्या आणि माणसं घरी गेली.

मी वर्धा नदीच्या काठच्या एका गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ड वर्गाचं वाचनालय, म्हणजे अनुदान सगळ्यांत कमी. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रं, आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, ज्यांच्यासाठी पोरं सकाळी कुलूप उघडायच्या आधीच ओट्यावर येऊन बसतात. घरी कापूस आणि तूर आहे. पुस्तक हातात न घेणारी माणसंही वाचनालयाचीच आहेत, असं मी मानते, म्हणून व्याख्यानं सुरू केली. ऐकून शिकायची सवय वऱ्हाडात जुनी आहे. गाडगेबाबांची कीर्तनं आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्या आजा-आज्यांनी मैल मैल चालत जाऊन ऐकली. आजही बोलणारा जर आपल्याशीच बोलत असेल, तर आमची माणसं सतरंजीवर मांडी घालून दोन तास हलत नाहीत.

पहिल्यांदा संकोच होतो. एवढा मोठा माणूस आपल्या गावात येईल का, एसटी तर फाट्यावरच थांबते, त्यांना काय द्यायचं, असं मनात येतं. हा संकोच सोडा. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९७७ सालीच अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी मानली आहे. त्यासाठी विद्यापीठांत आजीवन अध्ययन व विस्तार विभाग असतो, काही ठिकाणी बहिःशाल शिक्षण मंडळ असतं. शेतीसाठी कृषी विज्ञान केंद्रं आहेत, देशातलं पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं. विद्यापीठानं भिंतीबाहेर येऊन शिकवायचं, ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी. केंब्रिजनं १८७३ मध्ये गावोगावच्या कामकरी लोकांसाठी व्याख्यानं सुरू केली, आणि पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. तेव्हा प्राध्यापकाला बोलावणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. ते गावाच्या हक्काचं आहे.

आता यादीबद्दल. आमच्या हाती आलेल्या एका यादीत (विद्यापीठाचं नाव घेत नाही) बरेच दूरध्वनी क्रमांक जुने होते. काही प्राध्यापक निवृत्त झालेले, एक जण दुसऱ्या राज्यात गेलेले. विषयांची नावं परिसंवादाला शोभतील अशी : आव्हाने आणि संधी, बदलते आयाम, एक चिकित्सा. आमच्या गावातली बाई हे वाचून कधीच म्हणणार नाही की याच माणसाला बोलवा. शेतीच्या पानावर कापसाचं नाव नव्हतं, ‘नगदी पिके’ असं होतं. यादीला मी त्यामुळे कमी गुण देते. पण त्या नावांमागची माणसं खरी जाणकार निघाली, हे पुढच्या अनुभवावरून सांगते.

पहिलं मनासारखं व्याख्यान गुलाबी बोंडअळीवर झालं. २०१७ मध्ये या अळीनं विदर्भातला कापूस कसा खाल्ला, ते इथं कुणाला सांगायला नको. त्यानंतरही दरवर्षी भादव्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, डोमकळ्या (अळीनं आतून गुंफलेली, न उमललेली फुलं) दिसू लागल्या की माणसं कृषी केंद्रात धावतात आणि दुकानदार देईल ते दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारतात. यादीत कीटकशास्त्राचे एक प्राध्यापक होते, विषय होता एकात्मिक कीड व्यवस्थापन. मी फोन केला आणि सांगितलं, सर, आम्हाला फक्त बोंडअळीवर ऐकायचं आहे. त्यांनी लगेच होकार दिला आणि उलट मलाच विचारायला लागले. पेरणी कधी होते, ओलीत किती जणांकडं आहे, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक) कोण कोण ठेवतं, पऱ्हाट्या कुठं रचून ठेवता, जिनिंग किती लांब आहे. मग म्हणाले, वेगवेगळ्या पाच-सहा शेतांतली वीस-वीस हिरवी बोंडं तोडून, शेतमालकाचं नाव लिहून ठेवा.

व्याख्यान मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात, सांजच्या स्वयंपाकानंतर. सरांनी माईक बाजूला ठेवला, वर्तमानपत्र पसरलं आणि ब्लेडनं बोंडं चिरायला लागले. पोरांना मोजायला बसवलं. वीस बोंडांत दोन किडकी निघाली की समजायचं, फवारणीची वेळ आली, दोनपेक्षा कमी असतील तर थांबायचं. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, एकरी दोन लावायचे, आणि एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सलग तीन दिवस आले तर तोही इशाराच. एवढंच. पण ज्याच्या शेतातल्या वीस बोंडांत सात किडकी निघाली, तो माणूस ज्या चेहऱ्यानं बघत होता, त्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे डोक्यात बसलं.

प्रश्न तर असे आले, की सरांनी वही काढली. माणिक मामांनी विचारलं, “सर, सापळ्यात नुसते नर सापडते म्हणता. मंग मादी तं मोकळीच राह्यली नं?” सर म्हणाले, बरोबर आहे तुमचं. एकरी दोन सापळे अळी संपवायला नसतात, ती कधी आली ते कळायला असतात. सापळ्यातली वासाची गोळी वेळेवर बदलली नाही, तर तो सापळा नुसता टांगलेला राहतो. दुसऱ्यांनी विचारलं, बीटीचं बियाणं घेतो, पाकिटाचे पैसे मोजतो, तरी अळी काऊन? याचं उत्तर देताना सर बराच वेळ बोलले, आणि तेच मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, आपल्याकडं २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची होती, म्हणजे बीटी न खाल्लेल्या अळ्यांचे पतंगही शेतात राहिले असते आणि त्यांच्याशी जोड्या जुळून बीटी पचवणाऱ्या अळ्यांची पैदास हळू झाली असती. ती पुडी बहुतेकांनी लावलीच नाही. त्यात फरदड. मार्चपर्यंत शेतात बोंडं उभी राहिली की अळीला खायला बाराही महिने मिळतं, कारण ही अळी जगते ती मुख्यतः कापसावरच. आणि एकदा ती बोंडात शिरली की भोक बुजतं, मग वरून कितीही महागडं औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. लोक शांत बसले होते. ती पुडी त्यांच्यातल्या अनेकांनी धुऱ्यावर (बांधावर) टाकून दिलेली होती. पण सरांनी एकालाही दोष दिला नाही. म्हणाले, ती पुडी कशासाठी आहे हे तुम्हाला समजेल अशा भाषेत वेळेवर सांगायला हवं होतं.

फरदडीचा हिशोबही त्यांनी लोकांकडूनच करून घेतला. किती कापूस निघतो, त्यात कवडी (किडका, डागाळलेला कापूस) किती, वेचणीला किलोमागं काय द्यावं लागतं, एक पाणी, एक फवारणी. आकडे लोक सांगत होते, सर फळ्यावर लिहीत होते. शेवटी उरलेली रक्कम बघून कुणी काही बोललं नाही. पुढं जानेवारीत सगळ्यांनी पऱ्हाटी उपटली असं मी म्हणणार नाही. भाव चढला की मन वळतंच. पण नदीकडच्या शिवारात एकमेकांना लागून असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून डिसेंबरअखेर पीक संपवलं, आणि बचत गटानं सापळे एकत्र मागवले. पऱ्हाट्यांची गंजी घराला लागून रचायची नाही, त्यात लपलेली अळी पुढच्या पावसापर्यंत जिवंत राहते, हे आता आमच्या शाळेतली पोरंही सांगतात.

त्याच दिवशी फवारणीच्या विषबाधेवर बोलणं निघालं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आमच्यापासून काही फार लांबचं नाही. सरांनी डब्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवला. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही हे ओळखता येतं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, “फवारा तो मारते, पण कपडे तं मी धुतो.” मला वाटतं, त्या संध्याकाळी यापेक्षा मोठा प्रश्न दुसरा आला नाही. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, लेकरांच्या कपड्यांपासून दूर, हातमोजे घालून, आणि फवारणी झाली त्याच दिवशी धुवायचे, हे सरांनी सांगितलं. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की आम्ही प्रशिक्षणाला नेहमी पुरुषांनाच बोलावतो. तेव्हापासून मी प्रत्येक पत्रात लिहिते, अर्धी सभा बायांची असेल, त्या हिशोबानं तयारी करून या.

दुसरा अनुभव अगदी वेगळ्या विषयाचा. आमच्या शिवारात टेकडीच्या उतारावर मोठमोठ्या धोंड्यांची गोल मांडणी आहे. गुराखी पोरं तिथं बसतात. म्हातारी माणसं म्हणतात, पांडवांनी मांडली. एका शेतकऱ्यानं त्यातले काही धोंडे जेसीबीनं ओढून धुऱ्याला लावले होते. यादीत प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाच्या एक प्राध्यापिका होत्या, विषय वाकाटककालीन शिल्पकला. मी धोंड्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, यावर काही सांगाल का? मॅडमनी उत्तर दिलं, शिल्पकला राहू द्या, मी दुपारीच येते, आधी ती जागा दाखवा.

मॅडम उन्हात पांदणीनं चालत गेल्या, मागं शाळेची पोरं. दोन धोंड्यांवरचे वाटीसारखे लहान लहान खळगे त्यांनी पोरांना बोटांनी चाचपायला लावले. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बोलल्या. विदर्भात, विशेषतः नागपूरच्या आसपास, अशी शिळावर्तुळं पुष्कळ आहेत. ती लोहयुगातली दफनं आहेत, अडीच हजार वर्षं आणि त्याहूनही जुनी. जुनापाणीच्या वर्तुळांतल्या धोंड्यांवरही असेच खळगे आहेत. टाकळघाट आणि खापा इथं नागपूर विद्यापीठानं १९६८-६९ मध्ये उत्खनन केलं. माहुरझरीला माणसासोबत घोडा पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. भट्टीचं ऐकून आमच्याकडचे लोहारकाम करणारे भाऊ पुढं येऊन बसले आणि भाता कसा लावत असतील, नळी कशाची असेल, हे विचारत राहिले. मॅडमनाही त्यांच्याकडून ऐकायचं होतं. त्या दोघांचं बोलणं सभेनंतरही चाललं.

आमच्या धोंड्यांबद्दल मॅडमनी मोठेपणा करून काही ठोकून दिलं नाही. म्हणाल्या, मांडणी आणि खळगे तसेच दिसतात, पण खोदल्याशिवाय आणि नोंद झाल्याशिवाय मी खात्रीनं सांगणार नाही. ज्यानं धोंडे धुऱ्यावर नेले होते, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “परत आणून ठेवू का, मॅडम?” त्यांनी सांगितलं, आता हलवू नका, जिथून काढले ती जागा मला दाखवा, मी नकाशात लिहून घेते. ते धोंडे आजही धुऱ्यावरच आहेत, पोरांनी त्यांच्यावर चुन्यानं खूण केली आहे. बाकीच्यांना आता कुणी हात लावत नाही. जाणकारानं माहीत नसलेलं ‘माहीत नाही’ म्हणणं गावासमोर झालं, याचं मला फार समाधान आहे. आमच्याकडं माईक हाती आला की माणूस सगळंच ठासून सांगतो. खात्री करून मग बोलायचं, हे पोरांनी एका शिकलेल्या बाईकडून पाहिलं.

तिसरं व्याख्यान सिकलसेलवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारावर, वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेचं, खास बायांसाठी. वेळ दुपारची ठेवली, जेवणं झाल्यावर आणि रानातून गुरं परत यायच्या आधी. डॉक्टर मॅडमनी फोनवरच बजावलं होतं : कुणाच्या घरी हा आजार आहे, असं सभेत विचारायचं नाही, हात वर करायला लावायचं नाही. प्रश्न चिठ्ठीवर घ्यायचे, लिहिता येत नसेल तिला शाळेतल्या मुलीनं बाजूला घेऊन लिहून द्यायचं. ही साधी गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानाला करते, पुरुषांच्या सभेतसुद्धा.

समजावण्याची पद्धत तर मला कुठल्या पुस्तकात दिसली नव्हती. दोन वाट्या घेतल्या. प्रत्येकीत एक तुरीचा दाणा आणि एक ज्वारीचा. एक वाटी आईची, एक बापाची. तूर म्हणजे सिकलसेलचा गुण. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक दाणा काढायचा आणि परत ठेवायचा, असं बायांनाच करायला सांगितलं. दोन्ही तुरी आल्या तर लेकराला आजार, एक तूर एक ज्वारी तर वाहक, दोन्ही ज्वारी तर काहीच नाही. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहकाच्या, एक निरोगीची. एका आजीनं विचारलं, पहिलं लेकरू आजारी झालं म्हणजे पुढची तीन चांगली ना? किती घरांत याच समजुतीवर पुढची बाळंतपणं झाली असतील! मॅडमनी आजीच्याच हातानं दाणे काढवले. पहिल्यांदा दोन तुरी आल्या, परत वाटीत टाकल्या, पुन्हा काढल्या आणि पुन्हा दोन तुरीच आल्या. वाटीला मागचं काही आठवत नाही, हे आजीनं स्वतःच मोठ्यानं सांगितलं.

वाहक माणूस आजारी नसतो, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही, हे मॅडमनी पुन्हा पुन्हा सांगितलं. हिवतापाच्या मुलखात वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणून तर पिढ्यान् पिढ्या हा गुण टिकून राहिला. विद्राव्यतेची प्राथमिक चाचणी सोपी असते, ती सकारात्मक आली तर पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिसनं, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन विजेनं वेगळं करून पाहणाऱ्या तपासणीनं करतात. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. लग्नाआधी तपासून घ्या, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा एक चिठ्ठी आली. मी ती जशीच्या तशी वाचली : “सुनेचं रक्त तपासतीन सारे, पोराचं कोन तपासते?” मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, दोघांचं तपासायचं, आणि आधी पोराचं तपासा, म्हणजे पोरीला उगाच डाग लागणार नाही. नंतरच्या महिन्यात कोण कोण आरोग्य केंद्रात जाऊन आलं, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

सगळीच व्याख्यानं अशी झाली नाहीत. एक व्याख्यान यादीतल्या विषयावर जसंच्या तसं घेतलं होतं. वक्ते विद्वान होते, पण प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवलेली सगळी अक्षरं इंग्रजी, वाचून दाखवणंही तसंच, आणि मध्येच वीज गेली तर बोलणंच थांबलं. प्रश्नांना वेळ उरला नाही. त्यांना आमच्या गावाबद्दल कुणी काही कळवलेलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही.

बोलवणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. पत्र विस्तार विभागाला द्या, पण त्याआधी प्राध्यापकाशी फोनवर बोला आणि गावातले पाच खरे प्रश्न कळवा. जो उलट प्रश्न विचारतो, तो चांगलं बोलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. निंदण-डवरणीच्या दिवसांत आणि वेचणी जोरात असताना सभा ठेवू नका, बाया येऊच शकत नाहीत. पोळा ते दसरा, संक्रांतीनंतरचे दिवस आणि उन्हाळ्यातल्या रात्री, या वेळा आमच्याकडं जमतात. मानधनाचा आग्रह आमच्याकडं कुणी धरला नाही. प्रवासखर्च आम्ही विचारून देतो, आणि जेवण गावातलं : पाटवडीचा रस्सा, भाकर, ठेचा. प्रास्ताविक, स्वागतगीत, प्रत्येक पदाधिकाऱ्याचा सत्कार यांत तास जातो आणि ऐकायला आलेली माणसं वक्ता उठायच्या आधी थकतात. आम्ही सत्कार एकच ठेवला, तोही शेवटी. तालुक्याच्या पुढाऱ्यांना बोलावलं तर त्यांना खाली, लोकांसोबत सतरंजीवर बसवतो. सुरुवातीला याची नाराजी झाली, आता तेही वेळेवर येतात आणि ऐकतात.

विद्यापीठांकडूनही मला मनापासून काही हवं आहे. यादी दरवर्षी ताजी करा, विषय साध्या मराठीत लिहा. कापूस, तूर, संत्रा, सिकलसेल, विहिरी, वनहक्क, पीक विमा अशी नावं द्या, म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा बोट ठेवून सांगेल की हा माणूस आणा. वऱ्हाडी समजणारे आणि बोलणारे कोण आहेत, तेही लिहा. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या पाड्यांवर जाऊ शकतील असे व्याख्याते कोण, याची नोंद तर कुठंच दिसली नाही, आणि सिकलसेलसारखा विषय तिथं सगळ्यांत आधी पोचायला हवा. प्राध्यापकांच्या मूल्यमापनात परिसंवादातला निबंध ज्या मानानं धरतात, त्याच मानानं गावातलं व्याख्यान धरलं जावं. कीटकशास्त्राचे सर आमच्या गावातून रात्री उशिरा परत निघाले, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा तास होता. हे त्यांनी हौसेनं केलं, पण एका माणसाच्या हौसेवर व्यवस्था चालत नाही. आणि एकच भेट पुरत नाही. बोंडअळीवर बोलून गेलेला माणूस पुढच्या हंगामात पुन्हा यावा, काय केलं, काय जमलं नाही, ते त्यानं ऐकावं. सर स्वतःहून पुन्हा आले म्हणून आमचं निभावलं.

गुण द्यायचे तर माणसांना पाचपैकी पाच, यादीला दोन.

आता भूजलावर बोलायला भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पत्र दिलं आहे. आमच्याकडं खाली काळा पाषाण. एकाच्या बोअरला पाणी लागतं, शेजाऱ्याच्या बोअरमधून नुसती धूळ उडते, आणि त्यापायी लोक कर्जात जातात. झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरातच पाणी साठतं, कडक थर कोरडाच राहतो, एवढं त्यांनी फोनवर सांगितलं. पण आमच्या गावात तो थर किती खोल आहे, हे त्यांना आधी जाणून घ्यायचं आहे. त्यांनी गावातल्या प्रत्येक विहिरीची खोली, खोदताना कोणता दगड लागला, आणि मे महिन्यात पाणी किती हात उरतं, याची माहिती मागितली. स्पर्धा परीक्षेची पोरं आळीपाळीनं जाऊन ती लिहून आणत आहेत. दगडाचा रंग मात्र विहिरी खोदलेल्या म्हाताऱ्यांनाच विचारावा लागतो आहे. वही भरत आली की तारीख ठरेल. शेजारच्या गावांनाही बोलावणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या विहिरींची माहिती लिहूनच यावं.